गळत्या इंजिनाची तहकिकात

जुन्या दुचाकीखाली पडलेल्या तेलाच्या डागाविषयी विचारणा केली असता, ‘जुनी गाडी म्हटली की तेल गळणारच’ हेच उत्तर मालकाकडूनही मिळते आणि मेस्त्रीकडूनही मिळते. आणि या उत्तराला आपल्याकडे इतकी सार्वत्रिक मान्यता लाभली आहे की त्याची सत्यासत्यता पारखून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. माझे मत याच्या थेट विरुद्ध आहे. कारखान्यातून बाहेर पडताना कोरडे असलेले इंजिन पन्नास वर्षांनंतरही कोरडे राखता येते. ते ओले होते याचा अर्थ त्याचा कोणता तरी भाग झिजला, कोणता तरी पृष्ठभाग वाकला किंवा कोणा उतावळ्या हाताने त्याला इजा केली, एवढाच असतो. टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत या तक्रारीकडे कानाडोळा करणे तर त्या यंत्राच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे, आणि ते का, हे नीट उलगडून सांगितले पाहिजे.

जावा-येझदीचेच उदाहरण घेऊ. चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली सुरू केलेल्या कारखान्याची ही गाडी रुस्तम व फारुख इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूरच्या यादवगिरी भागात १९६१ पासून तयार होऊ लागली, पुढे ‘येझदी’ या नावाने देशभर धावली, आणि १९९६ साली म्हैसूरचा तो कारखाना कायमचा बंद पडला. तिच्या अडीचशे सीसीच्या इंजिनात तेल दोन ठिकाणी, दोन निराळ्या कामांवर नेमलेले असते. एक तेल पेट्रोलमध्येच, लिटरला साधारण चाळीस मिलिलिटर या प्रमाणात, मिसळले जाते आणि पिस्टन, क्रँक व बेअरिंगांना वंगण पुरवून अखेरीस जळून जाते; दुसरे तेल डाव्या बाजूच्या साखळीला, क्लचला व गिअरना भिजवीत गिअरबॉक्समध्ये कायम वस्तीला असते. या दोन तेलांच्या मध्ये, फिरत्या क्रँकच्या दांड्याभोवती, रबराचे एक कडे बसविलेले असते, ज्याला गॅरेजात ‘क्रँक सील’ म्हणतात. दांड्याच्या उजव्या टोकाला, डायनॅमोच्या बाजूस, तसेच दुसरे.

आता टू-स्ट्रोक इंजिनाची खरी गोम अशी की त्याची क्रँककेस ही लोहाराच्या भात्यासारखी श्वासोच्छ्वास करीत असते: पिस्टन वर जाताना ती कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढून घेते आणि खाली येताना तेच मिश्रण दाबून वर सिलिंडरात ढकलते. डावे सील निकामी झाले म्हणजे हा भाता गिअरबॉक्समधले तेल ओढू लागतो. ते जळून सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे दाट लोट निघतात, आणि गाडीखाली एक थेंबही न पडता गिअरचे तेल महिन्यामहिन्याला कमी होत जाते. उजवे सील गेले तर परिणाम याहून घातक. कारण त्या वाटेने बाहेरची कोरडी हवा आत शिरते, पेट्रोलचे आणि त्याबरोबर वंगणाचेही प्रमाण घटते, थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग खाली येत नाही, आणि एखाद्या लांबच्या चढावर तापलेला पिस्टन सिलिंडरात जाम होऊन बसतो. जमिनीवर डाग पाडणारी गळती निदान स्वतःची वर्दी देते. ही दोन्ही सीले मुकाट्याने जातात, म्हणून थेंब दिसला रे दिसला की त्या निमित्ताने संपूर्ण इंजिनाची तपासणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तपासणीचा पहिला नियम असा की पाना हाती घेण्यापूर्वी इंजिन स्वच्छ करावे. केरोसीन व ब्रशने खाचाखाचांतला मळ काढून, फडक्याने पुसून, इंजिन पूर्ण वाळल्यावर त्यावर सर्वत्र टाल्कम पावडर भुरभुरावी आणि पाच-दहा मिनिटांची फेरी मारून यावी. पांढऱ्या थरावर जिथे पहिली काळपट ओली रेघ उमटते, तिच्या वरच्या टोकाशी दोषाचा उगम असतो; एरवी वाऱ्याने मागे फेकलेले आणि गुरुत्वाने खाली ओघळलेले तेल भलत्याच जागेवर आळ आणते. पुष्कळदा ही रेघ इंजिनाच्या जोडावर नसतेच. सिलिंडरला एक्झॉस्टचा पाइप जिथे आवळलेला असतो तिथले नट ढिले झाले की न जळलेले काळे तेल बाहेर पाझरते. कार्ब्युरेटर भरून वाहत असेल तर त्यातले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेले तेल क्रँककेसवर पसरून गळतीचा आभास निर्माण करते. जावाची किक आणि गिअर बदलण्याची दांडी एकच असल्यामुळे डाव्या कव्हरमधून बाहेर येणाऱ्या त्या दांड्याभोवतीचे रबर लवकर झिजते, ही तर सर्वांच्या परिचयाची जागा. गिअरबॉक्सला हवा सोडण्याचे छिद्र चिखलाने बुजलेले असेल किंवा ‘जास्त बरे’ म्हणून तेल ठरलेल्या पातळीच्या वर ओतलेले असेल, तर आतला वाढलेला दाब निर्दोष जोडातूनही तेल बाहेर काढतो; तेव्हा नवे गॅस्केट मागविण्याआधी या दोन गोष्टींचा निकाल लावावा.

क्रँक सीलविषयी संशय असेल तर अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. कार्ब्युरेटर, सायलेन्सर आणि डायनॅमो उतरवून, आवक-जावकीची सर्व द्वारे रबरी बुचांनी बंद करून, साध्या हातपंपाने आत चौरस इंचाला सहा पौंडांच्या आसपास हवा भरावी आणि दाबमापकाच्या काट्याकडे पाहत स्वस्थ बसावे. काटा काही मिनिटे जागचा हलला नाही तर सील शाबूत. तो घसरू लागला तर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहावे, म्हणजे गुन्हेगार जागच्या जागी सापडतो. या चाचणीला लागणारे साहित्य कोणत्याही गॅरेजात जमविता येते, आणि तरीही ती क्वचितच केली जाते, याचे मला मनस्वी वाईट वाटते.

तिच्याऐवजी केले जाते ते असे: कव्हर निघत नाही म्हणून जोडात स्क्रू ड्रायव्हर खुपसून ते उचकटतात, अ‍ॅल्युमिनियमच्या मऊ पृष्ठभागावर त्याची खाच पडते, मग ती खाच बुजविण्यासाठी शेलॅक किंवा सिलिकॉनचा जाड थर थापतात. स्क्रू आवळल्यावर हा मलमा बाहेर येतो तसाच आतही येतो, आणि त्याचे तुकडे सुटून तेलाच्या वाटा अडवितात. वस्तुतः कव्हर जाड काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने फिरविले तर उंचवटे घासून जातात आणि कागदी गॅस्केट जवळजवळ कोरडेच बसू शकते. सील बदलतानाही दांडा पाहावा लागतो. जुन्या रबराने त्याच्यावर खोबण पाडली असेल किंवा मुख्य बेअरिंग झिजून दांडा हेलकावत असेल, तर कितीही उत्तम सील घातले तरी ते फार काळ टिकत नाही. असा दांडा लेथवर पूर्ववत करून देणारे कुशल हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही आहेत. पण त्यांच्यापर्यंत काम पोहोचण्यासाठी इंजिन संपूर्ण उघडावे लागते, आणि तिथेच गिऱ्हाइकाचे घोडे अडते.

कारण आपण सुट्या भागाची किंमत बिनतक्रार देतो, पण निदानाची मजुरी देताना हात आखडतो. दोषाचा शोध घेण्यात अर्धा दिवस घालविणाऱ्या मेस्त्रीला त्या अर्ध्या दिवसाचे दाम मिळाले नाही, तर तो मलमा थापून गाडी संध्याकाळी परत करणारच, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांतही पारितोषिके रंगाला आणि क्रोमच्या झळाळीला मिळतात. अर्धा तास चालवून आणलेल्या इंजिनाखाली पांढरा कागद अंथरून मग गुण देण्याची तजवीज तिथे का असू नये? केंद्र शासनाने २०२१ साली नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा देऊ केला, नोंदणीला वीस हजार आणि नूतनीकरणाला पाच हजार रुपये शुल्क ठरविले. हा दर्जा मी स्वागतार्ह मानतो. परंतु वाहन मूळ रूपात राखावयाचे तर त्यास योग्य सील मिळाले पाहिजे, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असताना हा प्रश्न पूर्वीहून निकडीचा झाला आहे. कारण जुन्या धर्तीच्या काही रबरांना इथेनॉल मानवत नाही, ती फुगतात किंवा कडक होऊन चिरतात, आणि इथेनॉल सोसणारे फ्लुओरोरबरचे सील दिसायला पुष्कळदा त्यांच्यासारखेच असते. पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला या दोहोंतला फरक नुसत्या नजरेने कळणे अशक्य आहे. तेव्हा सीलच्या प्रत्येक पाकिटावर रबराचा प्रकार, तिन्ही मापे आणि निर्मितीचे वर्ष छापणे कायद्याने सक्तीचे करावे, आणि तसा हुकूम निघेपर्यंत गिऱ्हाइकांनी हे तिन्ही तपशील दुकानदाराकडे मागून बिलावर लिहून घ्यावेत.