वजनकाट्याला न दिसणारं पोट

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता आमच्या चंद्रपूरपर्यंत येऊन पोचली आहे. परवा एका लग्नाच्या पंगतीत, तिसरी जिलबी वाढून घेता घेता एका गृहस्थांनी मला 'टर्झेपटाइड'चा नीट उच्चार विचारला! मी डॉक्टर नाही, फक्त या विषयावर सापडेल ते वाचत असतो. पण ओळखीपाळखीत तेवढंही पुरतं.

टर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, आणि सेमाग्लुटाइडचं खास वजनासाठीचं इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये. आकडे खरोखरच थक्क करणारे आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. टर्झेपटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसने, २०२२ च्या चाचणीत, जवळजवळ २१ टक्के. २०२३ साली तर असंही दिसलं, की आधीच हृदयविकार असलेल्या जाड माणसांत सेमाग्लुटाइडमुळे हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटतात. ज्यांचं वजन खरोखर हाताबाहेर गेलंय त्यांच्यासाठी हे वरदान आहे, यात मला शंका नाही. शिवाय या संशोधनाने एक चांगली गोष्ट केली. जाड माणूस म्हणजे आळशी आणि खादाड, ही आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत मोडीत काढली. भूक ही बरीचशी शरीराच्या रसायनांची गोष्ट आहे, नुसत्या मनोनिग्रहाची नाही. (औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत येतं, हेही याच संशोधनातून कळलं. ते मात्र पंगतीत कोणी विचारत नाही.)

असो. मला आज वेगळंच काही सांगायचं आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बघितलं, की मला या सगळ्या चर्चेतला काटाच चुकीचा वाटू लागतो.

माझा एक आतेभाऊ आरमोरी तालुक्यातल्या एका गावात राहतो. बावन्न वर्षांचा. उंची पाच फूट तीन इंच, वजन छप्पन किलो. हातपाय काडीसारखे. पूर्वी बांधीत चिखल तुडवायचा, गेली दहा-बारा वर्षं किराणा दुकानात बसतो. ताप आला म्हणून एका डॉक्टरांकडे गेला, तेव्हा त्यांनी वजन केलं आणि म्हणाले, "एकदम बरोबर आहे. तुम्हाले काय होते जी!" रक्तदाब काही मोजला नाही. त्यानंतर वर्षाच्या आत त्याला लकवा मारला. उजवा हात अजून धड उचलत नाही, दुकान आता वहिनी बघतात.

नंतर कोणीतरी त्याची कंबर मोजली. ९२ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषाला धोक्याची रेषा ९०, बाईला ८०. बीएमआय काढला तर २२, म्हणजे कुठल्याही तक्त्यात सुखरूप! इंजेक्शनांच्या त्या मोठ्या चाचण्यांत त्याला दारातही उभं केलं नसतं. तिथे बीएमआय ३० लागत होता, किंवा वजनामुळे आलेला एखादा आजार असेल तर २७. आणि २०२१ च्या त्या चाचणीतले तीन-चतुर्थांश लोक गोरे होते.

लकव्याचं पहिलं कारण रक्तदाब, आणि माझा भाऊ खर्राही खायचा, तेव्हा सगळं खापर मी पोटावर फोडत नाही. पण रक्तदाब आणि साखर वाढवणाऱ्या गोष्टींत हे आतलं पोट पुढच्या रांगेत आहे, आणि ते काट्यावर दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

ही गोष्ट आपल्याच मराठी मुलखातून जगाला कळली, याचा आपल्याला विसर पडलाय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधली तुलनेची बाळं सुमारे साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत! म्हणजे जन्मतःच बारीक आणि तरीही चरबीदार. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एका फोटोने इतकं सांगणारा शोधनिबंध मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता गडचिरोलीकडे या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते ९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई तेच काम करू लागल्या. त्या गावांत जन्मणाऱ्या दहातल्या चार बाळांचं वजन अडीच किलोपेक्षा कमी होतं. ती वाचलेली बाळं आज तिशीच्या आसपास आहेत.

आणि त्याच 'सर्च'ने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा सगळ्यात मोठं कारण निघालं स्ट्रोक, म्हणजे आपला लकवा. १४.३ टक्के मृत्यू त्याचे. मलेरिया आणि कुपोषणासाठी बदनाम असलेल्या आमच्या जिल्ह्यात!

या दोन अभ्यासांची सांगड मी माझ्यापुरती घालतोय. लकव्याने गेलेली माणसं वेगळ्या पिढीची होती, हे उघड आहे. पण जन्माला हलकं असलेलं मूल पुढे खाऊन-पिऊन भरलं, विशेषतः पोटाकडे भरलं, की त्याला साखरेचा आणि रक्तदाबाचा धोका जास्त, हे आता पुरेसं पक्कं आहे. आणि भरायला आता वाव आहे. मोटरसायकल घरोघरी आली. रोवणी संपली की हातापायांना फारसं काम उरत नाही. रेशनचा पांढराशुभ्र तांदूळ तिन्ही त्रिकाळ. आंबिलीच्या जागी साखरेचा चहा, आणि गावच्या टपरीवर पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा. लोकांना दोष देत नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या उपास काढले त्यांनी पोटभर खाऊ नये, असं सांगणारा मी कोण?

आमच्याकडे सरकारी भाषेत गडचिरोली म्हणजे कुपोषण, आणि चंद्रपूर म्हणजे कोळसा, वीज, पगार आणि सुटलेली पोटं. दोन जिल्हे, दोन आजार, दोन फायली! (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, ते सोडा.) माझ्या मते ही एकाच माणसाची गोष्ट आहे. तो जन्मतो गडचिरोलीत आणि नोकरीला लागतो बल्लारपुरात.

मग करायचं काय? तज्ज्ञांनीही आता काट्यावरचा विश्वास कमी केलाय. २०२५ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्या आयोगाने सांगितलं, की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, कंबर मोजा. त्याच महिन्यात भारतीय डॉक्टरांनीही आपल्यासाठीच्या नव्या व्याख्येत पोटाच्या घेराला जागा दिली. याला इंजेक्शन लागत नाही, टेप लागते. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून निम्मी करा आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, गुंडाळून बघा. टोकं जुळली नाहीत तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. (करदोड्यावरून अंदाज करू नका. पोट सुटलं की करदोडा शहाण्यासारखा खाली सरकतो आणि सैलच राहतो!)

आणि इंजेक्शनाचा मोह झालाच, तर एक लक्षात ठेवा. त्याने चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. स्वस्त झालेलं औषध ज्याला गरज नाही त्याच्याही हाती पडतं, याचे पुरावे आपल्या मेडिकल दुकानांत रोज दिसतात.

सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे सरकारचा कागद आपल्या सगळ्यांच्या पुढे आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला आजार यांच्या बरोबरीने कंबरेच्या मापाचा रकाना आहे. वजनाला त्यात गुणच नाहीत! आमच्या नात्यातल्या एका गावात मात्र तो रकाना नुसत्या नजरेच्या अंदाजाने भरलेला मी पाहिला. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "टेप द्या न जी आधी." महिन्याकाठी डझनावारी कामं, त्यातलं हे एक. त्यांच्या पिशवीत नवजात बाळाला तोलायचा झुलता काटा होता, टेप नव्हती. बाजारात ती वीस-तीस रुपयांना मिळते, शिंप्याकडे असते तीच.