वाचनालयाला ओसरी हवी

गल्लीतल्या कुठल्याही वाचनालयात सकाळी नऊच्या सुमारास डोकावावे. पाच-सहा पेन्शनर मंडळी एकाच वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन बसलेली असतात. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी. पुस्तक बदलायला आलेली बाई देवघेवीच्या खिडकीवरूनच परत फिरते. पोरे तर औषधालाही दिसत नाहीत.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण दरम्यान आमची मुले कानडी किंवा इंग्रजी शाळेत जाऊ लागली, घरात मराठी बोलतात आणि दुकानावरची मराठी पाटी अडखळत वाचतात, त्याचे काय? अशा मुलाला मराठी अक्षर भेटण्याची शाळेबाहेरची जागा वाचनालय हीच उरते. आणि तिथे तर तोंड उघडायची बंदी!

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. म्हणजे वाचनालय म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तरी बडोद्याकडे पाहावे. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि संस्थानभर मोफत वाचनालये उभी केली. स्त्रियांसाठी वेगळी खोली, मुलांसाठी खेळांसह वेगळा विभाग, खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. इतकेच नव्हे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नचे खेळ. पुस्तके दाखवण्याआधी माणसे जमवावी लागतात, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. शेजारच्या पणजीत मध्यवर्ती ग्रंथालयाची पाटो येथे नवी इमारत झाली, तिथेही मुलांचा आणि ब्रेलचा विभाग आहे.

आमच्याकडे नवे वाचनालय बांधायचे ठरले की आधी मजले मोजतात आणि कोनशिलेवर नावे कोणाची यावर भांडतात. आमचे म्हणणे साधे आहे. वाचनकक्ष तळमजल्यावर, रस्त्यावरून आतली माणसे दिसतील असा. पुढे ओसरी, तिथे बाक, चहा, मनसोक्त गप्पा. शांतता हवी त्यांची खोली मागे, दार लावून. मुलांना सतरंजी आणि त्यांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे. संध्याकाळी एखाद्या आजीने गोष्ट सांगावी. परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरांसाठी रात्री दहापर्यंत दिवे चालू. कानडी पुस्तकांचे कपाटही असावे. शेजारचे कानडी कुटुंब त्या निमित्ताने आत आले तर आमचे काय बिघडते?

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. कर्नाटकाच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे घरपट्टीवर शेकडा सहा ग्रंथालय उपकर आहे. तो घेताना घरमालकाची मातृभाषा कोणी विचारत नाही. मग त्या पैशातून मराठी पुस्तके मागताना आपण याचक कसे? हे निवेदन नगरसेवकांच्या हातात पडलेच पाहिजे.

मात्र आधी आपल्या घरचेही पाहावे. आमच्या माहितीतल्या एका वाचनालयात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप असते. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई दुपारी जेवायला घरी जातो. बायकांना सवड मिळते ती नेमकी तेव्हाच.