टाचेची भेग आणि कोकमाचा गोळा



थंडी पडली की सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवण्याचे काम तुमच्यापैकी अनेकांकडे येत असेल. आमच्या शाहूपुरीतील घरी ते माझ्याकडे असे. बाटलीतले तेल गोठून पांढरे झालेले असे आणि अंघोळीची घाई असे. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते आणि पौष महिन्यात कोल्हापुरातील पहाट त्याहून बरीच थंड असते. म्हणजे द्रवणांकाचा पहिला धडा शाळेत जाण्याआधीच आपण न्हाणीघरात शिकलेले असतो. पण शिकलेला धडा वेळेवर आठवतो का, हा प्रश्न वेगळा आहे. मला तो आठवला नाही. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तो का आठवला नाही, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या वडिलांच्या टाचांना खोल भेगा पडल्या. त्यांना जुना मधुमेह आहे. मी प्रथम बाजारातून एक महागडी डबी आणली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘शिया बटर’ असे लिहिले होते आणि ती त्वचेला ‘आतून पोसते’ असा दावाही होता. डबी संपली, पण भेगा तशाच राहिल्या. मग सिंधुदुर्गातून आत्या आली, ती कोकमतेलाचा गोळा घेऊन. “अरे, हे कढवून भेगांत भर, चार दिवसांत टाच लोण्यासारखी होईल,” असे ती म्हणाली. मी पळीत तुकडा घेतला, गॅसवर धरला आणि तो पुरता वितळल्यावर भेगांत ओतला. वडील हूं की चूं करीना, तेव्हा मला वाटले, त्यांना बरे वाटते आहे. दुसऱ्या दिवशी टाचेवर मोठा फोड आला होता. मधुमेहामुळे त्यांच्या पायांची संवेदना मंदावली होती आणि चटका बसलेला त्यांना कळलाच नव्हता. ती जखम भरून यायला दोन महिने लागले.

चूक आत्याची नव्हती, तेलाचीही नव्हती. चूक माझी होती, आणि ती नेमकी कोणती होती हे पुढे पाहूच. त्याआधी ही ‘लोणी’ म्हणजे काय आहेत, हे समजून घेऊ.

तीन झाडांचे लोणी

कोकोचे लोणी, शियाचे लोणी आणि कोकमाचे लोणी यांपैकी एकाचाही दुधाशी काही संबंध नाही. ही तिन्ही बियांतील तेलेच आहेत. फक्त आपल्या नेहमीच्या हवेत ती घट्ट राहतात, म्हणून त्यांना लोणी म्हणायचे. कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतून येतो, आणि आपल्याकडे केरळ, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू येथेही त्याची लागवड होते. शियाचे झाड आफ्रिकेत सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेल्या कोरड्या पट्ट्यात वाढते. मंगो पार्क या प्रवाशाने १७९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात या लोण्याचे वर्णन केले आणि त्याच्या नावावरून झाडाला पूर्वी ‘पार्काय’ असे जातिनाम मिळाले.

आणि कोकम? ते तर आपल्या गगनबावड्याचा घाट उतरला की भेटतेच. उन्हाळ्याच्या अखेरीस फळे पिकतात. सालीची आमसुले होतात, रसाचे सरबत होते, बिया मात्र पुष्कळदा उकिरड्यावर जातात. ज्या घरांत जुनी रीत टिकून आहे तेथे बिया वाळवतात, टरफल काढून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते वर तरंगते. ते काढून घेऊन निवू देतात आणि हातांनी वळून गोळे करतात. कुठे त्याला भिरंडेल म्हणतात, कुठे मुठेल. आफ्रिकेतील खेड्यांत बायका शियाच्या बिया भाजून, दळून, पाण्यात घुसळून जे करतात ते याहून फारसे निराळे नाही. खंड दोन, झाडे दोन, पण कृतीमागचे तत्त्व एकच आणि राबणारे हात बहुधा बायकांचेच.

आता या तेलांच्या रेणूंकडे पाहू. कोणत्याही तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन शेपट्या. स्टिअरिक आम्लाच्या शेपटीत १८ कार्बन अणू असतात आणि ओलेइक आम्लाच्या शेपटीतही १८ च. पण स्टिअरिकची शेपटी सरळ असते, तर ओलेइकच्या शेपटीत मध्यावर एक दुहेरी बंध असल्यामुळे तिला बाक येतो. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची येत नाही. म्हणून शुद्ध स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांवर वितळते आणि ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांवरच. कार्बन अणू तेवढेच, पण एका बाकाने ५० अंशांहून अधिक फरक पडला!

कोकमतेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आणि तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक ओलेइक असते. त्यामुळे ते अदमासे ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळते. कोकोच्या लोण्यात स्टिअरिक, ओलेइक आणि थोडे आखूड पामिटिक अशी तिघांची वाटणी असते. त्याचे स्फटिक सहा प्रकारचे होऊ शकतात आणि चॉकलेटमध्ये हवा असलेला पाचवा प्रकार ३४ अंशांच्या आसपास वितळतो. म्हणून चॉकलेट बोटांत टिकते आणि जिभेवर विरघळल्यासारखे वाटते. शियाचे प्रमाण झाडागणिक बदलते. एकूण घडणीत ही मंडळी एकमेकांच्या इतकी जवळची आहेत, की युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पतिज स्निग्धांची जी यादी केली, तीत शियाच्या बरोबरीने आपले कोकमही आहे. आंब्याच्या कोयीतील आणि सालाच्या बियांतील तेलही आहे.

त्वचा पोसली जाते काय?

मग यांपैकी कोणते लोणी त्वचेला ‘पोसते’? माझे उत्तर असे : एकही नाही. हा शब्दच सोडून द्यावा.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो मऊ राहतो तो तेलामुळे नव्हे, तर पाण्यामुळे. १९५२ साली अर्विन ब्लँक या संशोधकाने पायाच्या घट्ट्यांचे तुकडे घेऊन हे दाखवून दिले. वाळून ठिसूळ झालेला तुकडा तेलात ठेवला तर ठिसूळच राहिला, पाणी मिळताच मात्र लवचिक झाला. या थरातील पाणी सुमारे १० टक्क्यांहून कमी झाले की तो तडकू लागतो. टाचेची अडचण दुहेरी आहे. तेथे हा थर फार जाड असतो आणि तळपायाला तैलग्रंथीच नसतात. त्यात हिवाळ्याची कोरडी हवा. भेग पडली नाही तरच नवल.

मग तेल काय करते? ते झाकण घालते. आतून वर येणारे पाणी हवेत उडून जाण्याआधी ते अडवून धरते आणि पेशींच्या फटी बुजवून खरखरीतपणा कमी करते. तेलाच्या रेणूचा भार ८८० च्या आसपास असतो. त्वचेतून सहजी आत शिरणारे पदार्थ बहुधा ५०० च्या आतले असतात, असा एक ठोकताळा आहे. तेव्हा खोलवर शिरून पोषण करण्याची भाषा रेणूच्या आकाराशीच जुळत नाही. पाणी अडवण्यात तर साधी, स्वस्त पेट्रोलियम जेली या सर्व लोण्यांना मागे टाकते. शियामध्ये साबण न होणाऱ्या घटकांचे प्रमाण इतर तेलांपेक्षा अधिक असते हे खरे, पण तेवढ्यावरून डबीची चौपट किंमत सिद्ध होत नाही.

येथे काही वाचक म्हणतील, “पाहा, परदेशी डबीपेक्षा आपले कोकमच थोर!” त्यांच्याशीही माझे जमणार नाही. कोकमाचा गोळा त्वचेवर नुसता घासला तर नीट पसरत नाही. त्वचेचे तापमान ३२ ते ३४ अंश, हिवाळ्यात पायांचे त्याहूनही कमी, आणि हे तेल वितळणार ४० च्या आसपास. म्हणूनच जुनी माणसे ते कढवून घालीत. त्यांचे निरीक्षण अचूक होते, पण तापमापी त्यांच्याजवळ नव्हता. माझ्याजवळ होता आणि मी तो वापरला नाही.

आता माझी चूक. पळीत घट्ट तुकडा शिल्लक आहे तोवर दिलेली उष्णता बव्हंशी तो वितळवण्यात खर्च होते, आणि मंद आचेवर ढवळत राहिले तर तापमान द्रवणांकाच्या आसपास राहते. शेवटचा कण वितळला की ही रोख संपते आणि तापमान झपाट्याने चढते. पाणी १०० अंशांवर उकळून आपल्याला इशारा देते. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून काहिलीची उष्णता ओळखतो. वितळलेले तेल असला कोणताच इशारा देत नाही. ४५ अंशांचे तेल आणि १२० अंशांचे तेल डोळ्यांना सारखेच दिसते. ४० अंशांवर वितळते एवढे मला पाठ होते, वितळलेले तेल किती अंशांवर आहे हे मी विचारलेच नाही.

करून पाहा

हे सारे माझ्या शब्दावर घेऊ नका. शिक्षकांच्या देखरेखीखाली तीन प्रयोग करून पाहा.

पहिला : नखाचे दोन कापलेले तुकडे घ्या. एक खोबरेलात, एक पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही वाकवून पाहा. ब्लँक यांचा निष्कर्ष तुमच्या बोटांना कळेल.

दुसरा : तीन परीक्षानळ्यांत खोबरेल, तूप आणि कोकमतेल घट्ट होऊ द्या. मग त्या गार पाण्याच्या भांड्यात उभ्या करून पाणी हळूहळू तापवा आणि प्रत्येक पदार्थ कोणत्या तापमानाला वितळू लागतो व कोणत्या तापमानाला पूर्ण वितळतो, हे लिहून ठेवा. एकच आकडा मिळणार नाही, पल्ला मिळेल, कारण ही मिश्रणे आहेत. वितळलेल्या कोकमतेलात घट्ट तुकडा टाकून तो बुडतो की तरंगतो हेही पाहा आणि बर्फाशी त्याची तुलना करा.

तिसरा प्रयोग दुकानात करायचा. डबीच्या मागची घटकांची यादी वाचा. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. समोर ज्याचे नाव ठळक आहे, तो घटक मागे सुगंधाच्याही नंतर येत असेल तर तो चिमूटभरच आहे असे समजावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. द्रवणांक शिकवताना आपण बर्फ आणि मेण यांच्यापुढे जात नाही. कोकमाचा एक गोळा वर्गात आणा. त्यात सेंद्रिय रसायन आहे, उष्णता आहे, घनता आहे, कोकणातील एका गृहोद्योगाचा भूगोल आहे आणि जाहिरातीची परीक्षा आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आमसुलाला मान आणि बी उकिरड्यावर, ही विसंगती मुलांना दिसली तर त्यांच्यातलाच कोणी उद्या त्या बीचे मोल करील.

राहता राहिली टाच. आमच्या घरी आता कोकमतेल गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवतो, त्यात जवळजवळ तितकेच खोबरेल मिसळतो आणि पुरते निवू देतो. त्याचे मऊ मलम होते. रात्री पाय धुऊन, टिपून, त्वचा ओलसर असतानाच ते थंडच चोळायचे. अडवायला आधी पाणी असले पाहिजे ना! भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा घरातल्या माणसाला मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचे, मलमाचा विचार नंतर.

वडिलांच्या टाचेवर त्या जखमेचा फिकट डाग अजून आहे. रोज रात्री मलम लावताना तो माझ्यासमोर असतो. द्रवणांकावरचा तास घेताना हल्ली मी वर्गात प्रथम तीच हकिकत सांगतो आणि मगच फळ्याकडे वळतो.