पंच कोणाच्या घरचा?

उरणचे वायू विद्युत केंद्र ६७२ मेगावॅटचे. पण वायूच्या तुटवड्यामुळे त्याची पूर्ण ताकद क्वचितच दिसते. कोणत्या केंद्राने किती वीज सोडायची, हे ठरते ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन झाले. उरण महानिर्मितीकडे गेले, भारप्रेषण महापारेषणकडे. दोन्ही कंपन्या सरकारीच! खासगी वीजवाल्यांना हा घरचा पंच कसा पटावा? दिल्लीने २०१७ साली राष्ट्रीय भारप्रेषण पॉवरग्रिडपासून वेगळे काढले. मुंबईचे घोडे अडले कुठे?

दरांसाठी १९९९ पासून आयोग आहे खरा. पण २००३च्या कायद्याचे कलम १०८ पाहा. धोरणाच्या बाबतीत सरकार आयोगाला निर्देश देणार, आणि बाब धोरणाची आहे की नाही, हेही सरकारच ठरवणार! बिल मात्र आपण भरायचे. निदान भारप्रेषण तरी आधी वेगळे करा.