हौसेची उमेदवारी

पुण्यातील प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही भालबा केळकरांनी समविचारी मित्रांसह उभारलेली हौशी नाट्यसंस्था. डॉ. श्रीराम लागू त्या मित्रांपैकीच एक. पेशाने ते नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक. पुढील शिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंडला गेले. टांझानियातही त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. मात्र मायदेशी असताना रंगभूमी त्यांनी सोडली नाही.

१९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. व्यापारी घराला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल. परंतु पेढीवर बसण्यापूर्वी मुलाने उमेदवारी करावी, तशी त्यांची अनेक वर्षांची उमेदवारी हौशी रंगमंचावर झाली होती. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर त्यांनी उभा केला.

आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘लमाण’. लमाण बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून दूरच्या गावी पोहोचवीत. नटही लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत नेतो. माल सचोटीने पोहोचवण्याचे मोल व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

घरातील मुलाने छंदालाच व्यवसाय करण्याचा हट्ट धरला, तर वडीलधाऱ्यांनी नफ्या-तोट्याआधी त्याच्या उमेदवारीची वर्षे मोजावीत.