स्वल्पविरामाचे सुभेदार

आमचा एडिटर हवा तसा बदलता येतो, असं प्रत्येक प्रोग्रामर छाती फुगवून सांगतो. अक्षर मोठं करा, रंग बदला, कळा बदला, सगळं तुमच्या हातात! कुठून बदलू, असं विचारलंत की हा गृहस्थ तुमच्यापुढे महिरपी कंसांची एक फाइल उघडतो. सेटिंग्ज डॉट जेसन. कंस, दुहेरी अवतरणं, कोलन, स्वल्पविराम. एक स्वल्पविराम राहिला की खाली लाल नागमोडी रेघ. याला स्वातंत्र्य म्हणायचं? ही दीक्षा आहे, आणि ज्याने घेतली नाही त्याला दाराबाहेर उभं ठेवण्याची सोय आहे.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात हा प्रकार अगदी उघड्यावर दिसतो. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी निघाली, शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या, आणि आज त्या भागात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची संकुलं आहेत, एम्स आहे, आयआयएम आहे. इथे संगणकावर दिवसभर मजकूर टंकणारे सगळे काही प्रोग्रामर नाहीत. अनुवादक आहेत, कारकून आहेत, अहवाल लिहिणारे आहेत. त्यांचा विचार कुणी करायचा?

माझ्या ओळखीची एक मुलगी इथल्या एका कचेरीत ॲपमधली मराठी वाक्यं तपासते. मराठीत एम.ए., इन्स्क्रिप्टवर बोटं अशी चालतात की बघत राहावं. कोड लिहिणं तिचं काम नाही. कोडच्या फाइलींत अडकलेली मराठी सुधारणं हे काम. तिला व्हीएस कोड नावाचा एडिटर दिला. पहिलंच लांब वाक्य पडद्याच्या उजव्या काठावरून पसार झालं, कारण ओळ आपोआप मोडण्याची सोय त्यात मुळात बंद असते. मग ‘आचार्‍याला मीठ कमी घालायला सांगा’ लिहिलं, तर पहिल्याच शब्दाच्या मधोमध एक चौकट उभी राहिली. चूक काय? चूक काहीच नाही.

ही चौकट कुठून आली ते ऐका. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की न दिसणारी युनिकोड चिन्हं घालून घातक कोड निरुपद्रवी भासवता येतो. त्यानंतर व्हीएस कोड अशा अदृश्य चिन्हांना चौकट घालू लागला. कोडसाठी उत्तम! पण मराठीत र अर्धा राहावा, त्याचा रफार होऊ नये, म्हणून र आणि हलन्तानंतर एक न दिसणारा जोडक टंकायची रूढ पद्धत आहे. म्हणजे इथे शुद्ध मराठीच संशयित ठरली. शेजारच्या टेबलावरच्या विद्वानाने तोडगा काय सुचवला? ‘ते चिन्ह डिलीट करून टाक ना!’ केलं असतं, तर आचार्‍याचा आचार्य झाला असता, आणि मीठ कमी घालण्याची सूचना थेट शंकराचार्यांपर्यंत गेली असती. भाऊ, तू बँकेची सिस्टीम चालवतोस, आणि तुझ्या मातृभाषेतला अर्धा र तुला कचरा वाटतो?

ती चौकट बंद करायचा पर्याय आहेच की, असं हे लोक म्हणणार. आहे. त्याचं नाव ‘एडिटर डॉट युनिकोडहायलाइट डॉट इनव्हिजिबलकॅरेक्टर्स’. 2018 पासून सेटिंगांची खिडकीही आहे, तीत शोधायची पेटीही आहे. पण त्या पेटीत लिहायचं काय? माणसाच्या मनात असतं, ‘माझ्या र भोवती चौकट का येते?’ पेटीला हवा असतो प्रोग्रामरचा शब्द. ज्याला उत्तराचं नाव आधीच ठाऊक आहे, त्यालाच उत्तर सापडतं. स्कूटरचा आरसा वळवायला गॅरेजात उमेदवारी करा, असं सांगणाऱ्याला आपण नागपुरात काय म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.

यावर त्यांचा पहिला युक्तिवाद: सोपं केलं की ताकद जाते. साफ खोटं. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स 1985 पासून आहे आणि त्याच्याइतका वाकवता येणारा एडिटर क्वचितच दुसरा सापडेल. त्याची सेटिंगं लिस्प या भाषेत लिहायची असतात. तरीही 1997 च्या विसाव्या आवृत्तीत ‘कस्टमाइझ’ नावाची सोय आली. पर्यायाचं वर्णन समोर, किंमत बदलायला रकाना, आणि एक अत्यंत शहाणी गोष्ट: बदल फक्त या बैठकीपुरता करून बघा, आवडला तर कायमचा ठेवा. लिस्पचं एक अक्षरही यामुळे कमी झालं नाही. ज्याला हवं तो आजही हाताने लिहितो. मात्र सवय जात नाही ती नाहीच. हीच सोय तुमच्या फाइलीत एक शेरा घालून ठेवते: हाताने बदल केलात तर घोळ होऊ शकतो, सांभाळा. फायरफॉक्सने तर एके काळी प्रगत सेटिंगांच्या दारात ‘तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते’ अशी धमकीच लावली होती. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामची वॉरंटी!

दुसरा युक्तिवाद जास्त उद्धट आहे: ज्याला गरज असेल तो शिकेल. शिकतो ना! बर्नी ग्रीनबर्ग यांनी 1978 च्या सुमारास मल्टिक्स या प्रणालीसाठी लिस्पमध्ये ईमॅक्स लिहिला. त्यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी बायका तो स्वतःला हवा तसा बदलू लागल्या, नव्या आज्ञा लिहू लागल्या. त्यांच्या हातातल्या पुस्तिकेत हे प्रोग्रामिंग आहे असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, म्हणून त्या घाबरल्या नाहीत. ही हकिकत खुद्द स्टॉलमन यांनी 2002 मधल्या एका भाषणात सांगितली आहे. तेव्हा बुद्धी कुणाची कमी पडते ते ठरवा: त्या बायकांची, की ज्यांना अशी पुस्तिका अजून लिहिता येत नाही त्यांची?

आणि हाच प्रोग्रामर एखाद्या सरकारी पोर्टलवर दाखला काढायला बसला की बघा. ‘हे काय डिझाइन आहे बे? सामान्य माणसाने करायचं काय?’ तिथे तो सामान्य माणूस असतो. आपल्या टेबलावर परतला की पुन्हा स्वल्पविरामाचा सुभेदार.

हे सोपं करता येतं, याचा पुरावा फुकट उपलब्ध आहे. नोटपॅड प्लस प्लस हा 2003 पासूनचा मुक्त प्रोग्राम. त्यात सेटिंगांची साधी खिडकी आहे, आणि मेनूंच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. ते भाषांतर एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतं, कुणालाही उघडून सुधारता येतं. ज्या कामासाठी अब्जावधीच्या कंपन्यांना मुहूर्त सापडत नाही, ते हौशी लोकांनी करून ठेवलं.

म्हणून मिहानमधल्या माझ्या कोडकरी मित्रांनो, एवढं करा. मराठीची ती फाइल उघडा आणि जे अवघडलेलं वाटेल ते सुधारून पाठवा. व्हीएस कोडचे दोष सार्वजनिक यादीत नोंदवता येतात. अर्ध्या र वरची चौकट दिसली की तिथे लिहा. आणि ओळ कुठून मोडायची, असं कुणी विचारलं, तर त्या माणसाला फाइलचं नाव सांगू नका. त्याने प्रश्न ज्या शब्दांत विचारला, ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. शोधपेटीत तेच हवे आहेत.