हातमोज्यांची पारख

हिवाळा सुरू होताच सायकलच्या दुकानांत हातमोज्यांची विचारणा वाढते. विचारणाऱ्याची मागणी बहुधा ठरलेली असते : ऊब मिळावी आणि पाण्याचा थेंबही आत जाऊ नये. मागणी रास्त आहे. परंतु या दोन गुणांचे एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाही. पुण्याच्या हवेत कोणता गुण किती हवा, हे न ठरवता केलेली खरेदी दुसऱ्याच रविवारी कपाटाच्या तळाशी जाऊन पडते. जैन घरांत या मागणीला आणखी एक अट जोडलेली असते, ती चामडे नसण्याची. दुकानात ती एका वाक्यात सांगून होते. ती पाळली गेली की नाही, हे पाहणे मात्र सर्वांत अवघड.

आधी हवेचा विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचे तापमान बहुतेक दिवस १० ते १३ अंशांच्या आसपास असते आणि थंडीच्या लाटेत ते ७-८ अंशांपर्यंत उतरते. शहराच्या नोंदींतील नीचांक १.७ अंशांचा असून तो जानेवारी १९३५ मधला आहे. एवढ्या थंडीत मार्केट यार्डाच्या फाटकाशी चहा घेत उभ्या असलेल्या माणसाचे एका स्वेटरवर भागते. सायकलस्वाराचे भागत नाही, कारण त्याचे हात सतत वाऱ्यात पुढे धरलेले असतात. वाऱ्यामुळे वाढणारा गारवा मोजण्याचे हवामानशास्त्रात एक सूत्र आहे. त्या हिशेबाने १० अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटर वेगाने उतार उतरणाऱ्याच्या उघड्या कातडीला हवा ६ अंशांसारखी लागते, आणि ८ अंशांची हवा ३ अंशांसारखी. शिवाय पाय फिरत राहतात व तापतात. बोटे एकाच जागी आवळलेली असतात. थंडी वाढली की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी आधी बोटांकडे जाणारे रक्त आखडते घेते. बोटांचे हाल सर्वांत आधी होतात ते म्हणूनच.

सिंहगडाची रविवारची फेरी हे याचे उत्तम उदाहरण. स्वारगेटहून पहाटे निघालेला स्वार खडकवासल्यापर्यंत गारठतो. निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात साचते. त्यामुळे नदीकाठची आणि धरणाकाठची हवा कित्येकदा डोंगराच्या उतारावरील हवेपेक्षा अधिक बोचरी असते. पुढे घाट सुरू झाला की चित्र पालटते. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीच्या त्या गडावर चढताना वेग ताशी ८-१० किलोमीटरवर येतो, वारा लागेनासा होतो आणि जाड मोज्यांत तळहात घामाने भिजतात. वर पिठले-भाकरीसाठी अर्धा तास थांबणे होते, तेवढ्यात तो घाम गार पडतो, आणि उतार सुरू होतो तो ओल्या मोज्यांनी. खरा धोका इथे आहे. ओले कापड कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने ऊब ओढून घेते. बोटे बधिर झाली की ब्रेकची मूठ किती दाबली गेली याचा अंदाज राहत नाही. कधी ती उशिरा दाबली जाते, कधी वळणावर एकदम आवळली जाते. घाटात दोन्ही सारखेच वाईट. ज्यांना अनेक वर्षांचा मधुमेह आहे त्यांच्या बोटांची संवेदना आधीच मंदावलेली असू शकते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी हात गारठल्याचे कळेपर्यंत वाट पाहू नये; उतार सुरू करण्यापूर्वीच मोजे बदलावेत. थंडीत ज्यांची बोटे पांढरीफटक पडतात त्यांनी तर खरेदीपूर्वी डॉक्टरांना दाखवलेले बरे.

म्हणजे पुण्याच्या हिवाळ्यात हात भिजतात ते बव्हंशी आतून. रबरासारखा संपूर्ण बंद मोजा बाहेरचे पाणी अडवतो आणि आतले पाणी कोंडून ठेवतो. यावर तोड म्हणून पडदा बसवलेले मोजे निघाले. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला. त्याची छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडू शकते. गोर-टेक्स हे त्याचेच नाव. आता तसे पडदे इतर कंपन्याही बनवतात. या पडद्याला एक मर्यादा आहे. आत दमट आणि बाहेर कोरडे असेल तरच वाफ बाहेरची वाट धरते. जानेवारीच्या कोरड्या हवेत ते बऱ्यापैकी साधते. जुलैत ताम्हिणी घाटात, जिथे हवाच पाण्याने भरलेली असते, तिथे ते जवळजवळ थांबते. बाहेरचे कापड भिजून चिंब झाले तरीही हेच होते.

तेव्हा रोज पहाटे तास-दीड तास चालवणाऱ्यासाठी वारा अडवणारा, आत पातळ फ्लीस असलेला आणि दवाला पुरून उरणारा मोजा पुरेसा आहे. पूर्ण जलरोधक जोडी घ्यावी ती अवकाळी पावसाच्या भीतीने नव्हे, तर लांब पल्ल्याच्या फेरीसाठी, जिथे पाऊस आला तरी परतीचा रस्ता जवळ नसतो. निओप्रीनचे मोजे भिजूनही ऊब धरतात, पण त्यांत घाम फार येतो. याहून साधा उपाय म्हणजे एकाच जाड जोडीऐवजी दोन पातळ थर : आत विणलेले सिंथेटिक मोजे, वर वाराबंद आवरण. चढावर आवरण काढून खिशात टाकता येते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्या प्रवासात तिने उणे २० अंशांपासून ३७ अंशांपर्यंतची हवा सोसली. एवढ्या फरकाला कोणतीही एकच जोडी पुरी पडणार नाही हे उघड आहे. पण सिंहगडाचा पायथा आणि माथा यांचा हिशेबही लहान प्रमाणात तसाच असतो.

आता चामड्याचा प्रश्न. पाकीट आणि पट्टा कापडी किंवा रेक्झिनचा वापरणारे घरही हातमोज्यांत फसते, कारण मोज्याची पाठ कापडी असते आणि तळव्याच्या दोन-तीन पट्ट्या तेवढ्या बोकडाच्या कातड्याच्या असतात. पकड चांगली राहावी म्हणून त्या लावलेल्या असतात. दुकानदार प्रामाणिकपणे ‘कापडी’ म्हणून सांगतो, आणि पाठीपुरते ते खरेही असते. कापडाच्या व्यापारात हयात गेलेल्यांना याची पारख शिकवायला नको : मोजा उलटावा, शिवणीच्या कडेला बोटाने उघडून पाहावे. कृत्रिम चामड्याच्या पाठीला बहुधा विणलेले किंवा दाबून बसवलेले कापड दिसते. खऱ्या कातड्याची कड तंतुमय आणि ओबडधोबड असते. अलीकडचे मायक्रोफायबर नजरेला सहज चकवते, म्हणून चिठ्ठीही वाचावी. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या कापडी मालात चामडे, पीस वा हाड यांसारखा भाग असेल, तर ‘प्राणिज मूळ असलेले, कापडाव्यतिरिक्तचे भाग आहेत’ अशा अर्थाचे वाक्य चिठ्ठीवर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. परदेशी बनावटीच्या जोडीवर ते वाक्य दिसले की जोडी परत ठेवावी. ते दिसले नाही तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण भारतात येणारा सर्वच माल त्या बाजारासाठी बनलेला नसतो.

आतल्या भरावाचेही तसेच. पिसांचा भराव बदकांचा व हंसांचा असतो आणि रेशमी अस्तरामागे कोश उकळण्याची क्रिया असते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. लोकरीबाबत घराघरांत मते वेगळी आहेत. मेंढी मारली जात नाही म्हणून काही जण ती वापरतात. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीजवळची कातडी कापण्याची प्रथा कळल्यावर काहींनी ती सोडली. ज्याला हा प्रश्नच नको असेल त्याचे काहीही अडत नाही. थिन्सुलेट हे बारीक कृत्रिम तंतूंचे आहे, आणि प्राइमालॉफ्ट तर अमेरिकी लष्करासाठी १९८० च्या दशकात पिसांना पर्याय म्हणूनच तयार झाले; ते भिजल्यावरही पिसांसारखे गोळा होत नाही. (सायकलच्या सीटचीही एकदा पाहणी करावी. जुन्या, भारी सीट हमखास चामड्याच्या असतात.)

मापात बहुतेकांची चूक होते ती घट्ट मोजा घेण्याची. घट्ट मोज्याने रक्त अडते आणि ऊब धरणारी हवेची पोकळीही राहत नाही. दुकानात मोजे घालून मूठ वळावी, हँडल धरावे, दोन बोटांनी ब्रेक ओढून पाहावा, बोटांच्या टोकाशी अगदी थोडी जागा उरते का ते पाहावे. मग हात किंचित ओला करून मोजा काढावा. बोटांबरोबर अस्तर बाहेर ओढले जात असेल, तर ती जोडी घाटमाथ्यावर पुन्हा हातात चढणार नाही. पावसात सायकलस्वाराचे हात खांद्यापेक्षा खाली असतात, पाणी बाहीवरून मनगटाकडे ओघळते. तेव्हा मोज्याचे तोंड बाहीच्या आत जाईल एवढे निमुळते हवे.

घरी आल्यावर मोजे उलटे करून सावलीत वाळवावेत. हीटरवर किंवा इस्त्रीने वाळवल्यास पडद्याचा चिकटवलेला जोड सुटतो. धुताना कपडे मऊ करणारे द्रव घालू नयेत, त्याने कापडाची पाणी झटकण्याची शक्ती जाते. आणि आतल्या पातळ मोज्यांची एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावी. सिंहगडाच्या माथ्यावर भाकरी संपवून उठताना ती चढवायची असते.